बक्षीस आणि मेंदूची वजाबाकी

‘पहिला नंबर आणलास तर सायकल!’ बक्षीस जितकं मोठं, तितकं मूल जोमाने कामाला लागेल, असं आपण धरून चालतो. मेंदू मात्र बक्षिसाचा आकार मोजत बसत नाही. तो वजाबाकी करतो.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे, म्हणजे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचे, संकेत टिपले. फळांचा रस अवचित मिळाला की त्या पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो, हे माकड शिकल्यावर उसळी दिव्यापाशी सरकली. रस आला तेव्हा पेशी ढिम्म. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावत. १९९७ साली शुल्ट्झ, दायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते, हा फरक या पेशी कळवतात. म्हणून डोपामिनला नुसतं ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं आणि ‘डोपामिन उपवासा’ची (डोपामिन कमी करायचं म्हणून मजेच्या गोष्टी काही काळ सोडण्याची) दुकानं थाटणं, दोन्ही निराधार.

गणित करून पाहू. बक्षीस १० गुणांचं, सुरुवातीची अपेक्षा शून्य, आणि दर वेळी फरकाच्या निम्म्याने अपेक्षा वाढते. अपेक्षा होते ५, मग ७.५, मग ८.७५. फरक १०, ५, २.५ असा आटत जातो. रोज दिलेला तोच स्टार हळूहळू काही शिकवेनासा होतो, आणि एक दिवस तो चुकला की फरक थेट उणे ८.७५! मूल हट्टाला पेटतं, त्यामागे हे उणं असू शकतं. म्हणून सवय लागेपर्यंत लगेच आणि दर वेळी द्यावं. मग हळूहळू विरळ करावं, कधी मिळेल याचा अंदाज येऊ न देता.

मुळातच आवडणाऱ्या कामाला बक्षीस लावणं मात्र धोक्याचं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना ते न सांगता, अचानक मिळालं, त्यांची हौस टिकली.

दात घासणं, पसारा आवरणं यांत हौस मुळात नसतेच, तेव्हा तिथे स्टार खुशाल द्यावा. सोबत नेमकं बोलावं: ‘गाड्या खोक्यात आणि पुस्तकं फळीवर ठेवलीस, छान!’ नुसत्या ‘शहाणा माझा’ने त्याला काय जमलं, ते त्याला कळत नाही.