‘दाट शक्यता’ म्हणजे शंभरात किती?

‘युद्ध भडकण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला दंडवत. युद्ध झालं तर त्याने आधीच सांगितलेलं असतं. नाही झालं, तर होईल असं तो कुठे म्हणाला होता?

मध्यंतरी अशीच एक बातमी फिरत होती, की २०२७ पर्यंत चीन तैवानवर हल्ला करेल. तिच्यात नुसती नाही, ‘दाट’ शक्यता होती. मी ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि विचारलं, दाट म्हणजे शंभरात किती? आत्याने ९० लिहिलं, मावसभावाने ६०. काका म्हणाले, आधी चॅनेल कुठलं ते सांग.

हाच प्रश्न १९५१ साली वॉशिंग्टनमध्ये विचारला गेला होता. युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याने १९४८ मध्ये स्टालिनशी फारकत घेतली होती आणि सोव्हिएत गोटातल्या शेजाऱ्यांची लष्करी तयारी चालू होती. युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, यावर सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने मार्च १९५१ मध्ये एक गोपनीय अंदाज तयार केला. निष्कर्ष असा, की १९५१ मध्ये हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ धरून चालावं. गंभीर शक्यता म्हणा.

हा अंदाज लिहिणाऱ्या मंडळात शेर्मन केंट होते. मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारलं, की तुमच्या त्या गंभीर शक्यतेचा अर्थ काय घ्यायचा? केंट म्हणाले, मला तरी ६५ला ३५ वाटतं, म्हणजे हल्ला होण्याकडे कल. अधिकारी चपापला. त्याच्या खात्यात सगळ्यांनी तो शब्द बराच हलका घेतला होता.

केंट अस्वस्थ झाले आणि त्यांनी स्वतःच्याच मंडळातल्या सहकाऱ्यांना एकेकाला गाठून विचारलं. या सगळ्यांनी त्या मजकुराला मान्यता दिलेली होती. कोणाच्या मनात ८०ला २० होतं, तर कोणाच्या मनात नेमकं उलट, २०ला ८०. शब्दावर एकमत झालं होतं, अर्थावर कधीच नव्हतं. गंमत म्हणजे हल्ला झालाच नाही, आणि तरीही कोण बरोबर होतं हे ठरेना. २० टक्के म्हणणारा खूश, आणि ८० टक्केवाला म्हणणार, की उरलेले २० टक्के घडले!

दहा वर्षांनी याच गोंधळाची किंमत माणसांनी मोजली. क्यूबातून परागंदा झालेल्या सुमारे १४०० जणांना शस्त्रं देऊन एप्रिल १९६१ मध्ये ‘बे ऑफ पिग्ज’ या क्यूबाच्याच किनाऱ्यावर उतरवून तिथलं सरकार उलथवायचं, अशी अमेरिकेची योजना होती. अमेरिकी सेनादलांनी तपासणी करून अध्यक्ष केनेडींना कळवलं, की यशाची ‘फेअर चान्स’ आहे. ऐकायला हे बरंच वाटतं. पण तो अहवाल लिहिणाऱ्या ब्रिगेडियर जनरल डेव्हिड ग्रे यांच्या मनात ३०ला ७० असं प्रमाण होतं. म्हणजे अपयशाकडेच कल. तीन दिवसांत मोहीम चिरडली गेली आणि हजाराहून जास्त जण कैद झाले. आकडा लिहिला असता तर केनेडींनी मोहीम रोखली असती, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. निदान त्यांना कळलं तरी असतं.

केंट यांनी तोवर एक तक्ता केला होता, तो १९६४ मध्ये त्यांनी सविस्तर लेख लिहून मांडला. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे ९३ टक्के, थोडं इकडेतिकडे. ‘बहुधा’ म्हणजे ७५. ‘बहुधा नाही’ म्हणजे ३०. सहकाऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. शब्दांच्या छटांवर जगणारी ती माणसं, केंट त्यांना ‘कवी’ म्हणत. तुम्ही आपल्या कचेरीचा पैजेचा अड्डा करताय, असं कोणीसं म्हणालं. त्यावर केंट यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: कवी होण्यापेक्षा बुकी झालेलं परवडलं. (मूळ वाक्यात एक शिवीही होती.)

आज अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांकडे असे अधिकृत तक्ते आहेत. ब्रिटिश तक्त्यात ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ म्हणजे ४० ते ५० टक्के, आणि ‘लाइकली’ सुरू होतं ५५पासून. मधली पाच टक्क्यांची फट मुद्दाम सोडलेली आहे, कारण तितका बारीक फरक करता येतो असा आव आणायचा नाही.

पण नुसता आकडा लिहून भागत नाही. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर, १९५७ पासून, अमेरिकेत ‘क्षेपणास्त्र तफावती’ची आवई उठली: सोव्हिएत संघ आंतरखंडीय क्षेपणास्त्रांत शेकड्यांनी पुढे जाणार. इथे आकडे भरपूर होते. फक्त हवाई दलाचा आकडा सर्वात मोठा असायचा आणि नौदलाचा लहान. क्षेपणास्त्रांचा आणि बॉम्बर विमानांचा पैसा कोणाला मिळणार होता, हे लक्षात घेतलं की हिशोब लागतो. ऑगस्ट १९६० पासून अमेरिकेचे ‘कोरोना’ नावाचे हेरगिरी उपग्रह फोटो काढू लागले. त्यांची फिल्म डब्यातून पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतच हुकाने पकडायचं. सप्टेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत ताकदीचा अंदाज उतरला १० ते २५ क्षेपणतळांवर. तफावत होती, पण अमेरिकेच्या बाजूने.

आकडा तर हवाच, शिवाय तो नंतर तपासणारी फूटपट्टीही हवी. ती युद्धशास्त्रातून नाही, पावसातून आली. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये एक साधी रीत सुचवली. तुम्ही दिलेली शक्यता अपूर्णांकात लिहा. घटना घडली तर तिच्यापुढे १, नाही तर ०. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा. उद्या पाऊस ७० टक्के म्हणालात आणि पडला, तर ०.३चा वर्ग, ०.०९. नाही पडला तर ०.७चा वर्ग, ०.४९. गुण जितके कमी तितके तुम्ही चांगले. रोज डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात. म्हणजे ज्याची सरासरी ०.२५च्या वर, त्याने बोलण्याऐवजी नाणं उडवावं.

वर्ग करण्यात मेख आहे. छातीठोक चुकीला जबर दंड बसतो, त्यामुळे उगाच ९५ म्हणणं अंगाशी येतं. आणि सतत ५०वर बसून राहणाऱ्यालाही सुटका नाही. आपल्याकडे हवामान खात्याला लोक नावं ठेवतात, पण ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याला त्यांच्याकडे ठरलेला अर्थ आहे: त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. (हा शक्यतेचा नव्हे, विस्ताराचा शब्द आहे, पण ठरलेला आहे.) शिवाय हवामानवाल्याची प्रगतिपुस्तिका रोज संध्याकाळी हातात पडते. संरक्षणतज्ज्ञाची पडतच नाही.

ती त्यांच्या हातात ठेवण्याचं काम फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने केलं. १९८०च्या दशकात सुरुवात करून सुमारे वीस वर्षं त्यांनी २८४ तज्ज्ञांकडून राजकीय अंदाज आकड्यांत घेतले आणि वाट पाहिली. सरासरी तज्ज्ञ नशिबाने मारलेल्या तिरापेक्षा जेमतेम बरा निघाला. जो टीव्हीवर जास्त झळकणारा, तो उलट जास्त चुकणारा. एकच मोठा सिद्धांत घेऊन जगाला त्यात कोंबणारे सर्वात वाईट. चार ठिकाणची माहिती गोळा करून ‘पण’, ‘तरी’ करत बसणारे बरे. टीव्हीला हे दुसरे नको असतात, यात नवल ते काय? आणि पुढे डोकावण्याचा पल्ला पाच वर्षांवर गेला, की सगळेच नाणेफेकीच्या पंक्तीला येऊन बसले.

टेटलॉक यांनी चुकल्यावरच्या सबबीही जमवल्या. ‘होणारच होतं, थोडक्यात हुकलं’, ‘वेळ तेवढी चुकली’ वगैरे. यात खुद्द केंटही सुटले नाहीत. सप्टेंबर १९६२ मध्ये त्यांच्या मंडळाने लिहिलं, की सोव्हिएत संघ क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवण्याची शक्यता कमी. महिन्याभराच्या आत, १४ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरी विमानाने त्या क्षेपणास्त्रांचे फोटो काढले. केंट यांचा नंतरचा युक्तिवाद थोडक्यात असा, की चूक आमची नव्हती, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची! इतका वेडेपणा ते करतील हे आम्ही कसं धरणार?

२०११ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या संशोधन विभागाने अंदाजांची स्पर्धाच भरवली. टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांनी हौशी लोकांचा संघ उतरवला. हाताशी इंटरनेट आणि रिकामा वेळ, बस. त्यातले सर्वात अचूक दोन टक्के वर्षानुवर्षं अचूकच राहिले. करत काय होते? प्रश्न आला की आधी इतिहास मोजायचा: अशा शंभर तणावांतून युद्ध कितींदा पेटलं? मग आजच्या बातमीने तो आकडा थोडा वरखाली करायचा. आपल्याला नेमकं उलट करायची खोड असते.

तरीही युद्ध हे पावसासारखं नाही. पावसाला आपला अंदाज वाचता येत नाही, सेनापतीला येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन उघड सांगत होते, की रशिया युक्रेनवर हल्ला करणार. अनेक युरोपीय राजधान्यांना ते पटत नव्हतं. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला तेव्हा जर्मनीच्या परदेशी गुप्तचर संस्थेचे प्रमुख ब्रूनो काल कीव्हमध्येच होते. त्यांना तिथून बाहेर काढावं लागलं. पण ज्यांनी हल्ला अचूक ओळखला, त्यांच्यातल्याच बहुतेकांना कीव्ह काही दिवसांतच पडेल असं वाटत होतं. रणगाडे मोजता आले. माणसं लढतील की पळतील, हे मोजता आलं नाही.

तंत्रज्ञानाचंही तेच. ड्रोन युद्धात येणार हे सगळे सांगत होते. पण काहीशे डॉलरचं, शर्यतीसाठी बनलेलं खेळण्यासारखं ड्रोन रणगाड्यामागे लागेल. ते रोखायला रेडिओलहरी जॅम होतील. मग लहरींऐवजी तारेतून चालवायला ड्रोनवर रीळ लावून केसाएवढी काचेची तार सोडत कित्येक किलोमीटर जाता येईल. आणि त्या तारांची जाळी युक्रेनच्या शेतांवर, झाडांवर उन्हात चमकत पडून राहील, ही साखळी कोणी आधी सांगितली होती? यंत्र दिसतं. त्याच्यावर शत्रू काढणार असलेला तोडगा, आणि त्या तोडग्यावरचा तोडगा, दिसत नाही.

आता ती तैवानची बातमी. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी ॲडमिरल फिलिप डेव्हिडसन सिनेटपुढे म्हणाले, की हा धोका याच दशकात, खरं तर येत्या सहा वर्षांत, समोर ठाकलेला आहे. २०२१ अधिक ६. त्यात चिनी सैन्याच्या स्थापनेची शताब्दीही २०२७ मध्येच. पुढे सीआयएचे तेव्हाचे प्रमुख विल्यम बर्न्स यांनी सांगितलं, की शी जिनपिंग यांनी सैन्याला २०२७ पर्यंत सज्ज राहायला सांगितलंय. मात्र हल्ल्याचं ठरलंय असा याचा अर्थ नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग जगभर फिरला, दुसरा जागीच राहिला. ‘सज्ज’चं ‘करणार’ झालं, आणि आमच्या ग्रुपवर येईपर्यंत ‘दाट’.

टेटलॉक यांच्या शिस्तीत हा प्रश्न असा विचारावा लागेल: ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत चिनी सैन्य तैवानच्या मुख्य बेटावर बळजबरीने उतरेल का? नाकेबंदी धरायची की नाही, छोटी बेटं धरायची की नाही, तेही आधीच ठरवा. इतका रोखून प्रश्न विचारला, की मी पाहिलंय, भलेभले विषय बदलतात.

माझीही एक वही आहे, २०२२च्या जानेवारीपासूनची. बहुतेक नोंदी पावसाच्या आणि निवडणुकांच्या, आणि त्यांत माझी सरासरी बरी आहे, असं मी आल्यागेल्याला सांगतो. पहिल्या पानावर मात्र रशिया हल्ला करेल का यापुढे माझ्याच अक्षरात १५ टक्के लिहिलेलं आहे. ०.८५चा वर्ग, ०.७२. काका अधूनमधून तेच पान उघडून बघतात.