वही मिटा, जुनी फाइल उघडा

ऑफिसातल्या ऑटोमेशनच्या प्रशिक्षणात एक स्लाइड हमखास असते: 'शिकलेलं सत्तर टक्के चोवीस तासांत विसरतं.' खाली नाव हर्मान एबिंगहाउसचं. या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले हे खरं. पण प्रयोग करणाराही तोच, ज्याच्यावर केले तोही तोच, आणि पाठ केली ती निरर्थक अक्षरं. शिवाय 'किती आठवतं' हे त्यानं मोजलंच नव्हतं. तीच यादी पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते, ते त्यानं मोजलं. वीस मिनिटांनी ही बचत 58 टक्के, एका दिवसानं 34 आणि 31 दिवसांनी 21 टक्के. म्हणजे मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते, पुढे ती फार मंदावते. महिन्यानंतरही पाटी अगदी कोरी नसते.

(वाचून दहा टक्के, ऐकून वीस, करून नव्वद टक्के लक्षात राहतं असा रंगीत पिरॅमिड दाखवला, तर त्याकडे सरळ दुर्लक्ष करावं. तो ज्यावरून काढला, त्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलच्या 1946मधल्या मूळ शंकूच्या आकृतीत एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर चिकटवले गेले.)

मग प्रशिक्षणात सगळं समजलेलं असूनही महिन्याचा अहवाल करताना हात का अडतो? कारण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आपणहून आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006मध्ये हे नेमकं दाखवलं. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणारे 42, आठवून लिहिणारे 56.

रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्योर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या मांडणीत आठवणीची दोन बळं असतात. ती मनात किती खोल रुजली आहे हे एक, आणि आत्ता किती चटकन हाताशी येते हे दुसरं. गंमत अशी, की दुसरं बळ ओसरलेलं असताना खटपट करून आठवण वर काढली, तर पहिलं सर्वांत जास्त वाढतं. प्रात्यक्षिक पाहून लगेच तेच केलं तर सगळं हाताशीच असतं, म्हणून कमाई थोडी. थोडं विसरू द्यावंच लागतं. किती? सेपेडा हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2008च्या प्रयोगात, आठवड्यानंतरच्या परीक्षेसाठी दोन सरावांतलं सर्वोत्तम अंतर त्या काळाच्या 20 ते 40 टक्के निघालं, तर वर्षानंतरच्या परीक्षेसाठी 5 ते 10 टक्के. महिन्याला एकदा येणाऱ्या कामासाठी आठवडाभराचं अंतर या दोन टोकांच्या मधे बसतं.

सरावाचं साहित्य तयारच असतं: गेल्या वर्षाच्या बारा फाइली, आणि त्यांची उत्तरंही, कारण ते अहवाल हातानं केलेले आहेत. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी एक कच्ची फाइल घ्या, वही मिटा आणि सगळं पहिल्यापासून उभं करा. अडलं तर दोन मिनिटं थांबा, अंदाजानं करून पाहा, मग टिपणातली तेवढीच पायरी उघडा. बेरीज जुन्या अहवालाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे. आठवड्यानं दुसऱ्या महिन्याची फाइल. तीच फाइल पुन्हा घेतली तर बटणांचा क्रम पाठ होतो, रीत नाही.

हा फरक एक्सेलच्या मॅक्रो रेकॉर्डरमध्ये, म्हणजे तुमच्या कृती टिपून त्या पुन्हा आपोआप करणारा मॅक्रो बनवणाऱ्या सोयीत, लख्ख दिसतो. रेकॉर्डिंग करताना तुम्ही ए2 ते एफ120 निवडलं, तर तो सहसा तोच पत्ता लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात माहिती 163व्या ओळीपर्यंत गेली, की खालच्या 43 ओळी गुपचूप वगळल्या जातात. एररही येत नाही. उपाय म्हणजे शेवटची ओळ मॅक्रोनंच शोधायची, आणि तीही तळाकडून: 10,48,576व्या ओळीपासून वर येत पहिला भरलेला सेल. वरून खाली गेलात तर मधल्या पहिल्याच रिकाम्या सेलपाशी शोध थांबतो. त्यासाठी कॉलमही असा निवडावा, जो प्रत्येक नोंदीत भरलेला असतोच.

एका यादीतली नोंद शोधून तिचा आकडा आणणारं एक्सेलचं सूत्र, व्हीलुकअप, हेही असंच गप्प राहून फसवतं. त्याच्या कंसातली चौथी जागा (जुळणी नेमकी हवी की जवळपासची) सोडून दिली तर ते जवळपासची जुळणी घेतं आणि यादी क्रमानं लावलेली नसेल तर भलत्याच नोंदीचा आकडा आणून ठेवतं. त्याचं नवं रूप एक्सलुकअप मात्र काही न सांगता नेमकी जुळणीच शोधतं. माहिती आत आणून साफ करणारं एक्सेलमधलं साधन, पॉवर क्वेरी, निदान ओरडते तरी: कॉलमांचे प्रकार (अंक, तारीख, मजकूर) बदलण्याची पायरी ती बहुधा आपणहून घालते, त्यात कॉलमांची नावं पक्की लिहिते, आणि 'रक्कम'चं 'एकूण रक्कम' झालं की रिफ्रेश अडतं. ती पायरी काढून टाकावी आणि लागतील तेवढ्याच कॉलमांचे प्रकार शेवटी ठरवावेत.

मॅक्रोमधल्या टिपेत 'काय केलं' लिहू नका, ते कोडमध्ये दिसतंच. 'तळातून का शोधलं' हे लिहा. आणि सराव नेहमी फाइलच्या नकलेवर करा, कारण मॅक्रोनं शीट बदललं की अन्डू चालत नाही. ती नक्कल जतन करताना प्रकार एक्सएलएसएम निवडा. नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही.