जर्मनीतला एक आठवडा: तास, सहली आणि मधला वेळ

(उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी, आमच्या कोल्हापूर कार्यालयातर्फे)

विद्यापीठाचे वेळापत्रक हाती पडले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आठवड्याला एवढेच तास? मग दिवसभर पोरं करतात काय?" प्रश्न रास्त आहे. तिथे गेलेल्या विद्यार्थ्याची घडी विसकटते ती बहुतेक वेळा या उरलेल्या वेळामुळेच. व्हिसा, ब्लॉक खाते (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे खाते) आणि विमा यांचे पत्रक वेगळे आहे. इथे फक्त एका आठवड्याची मांडणी दिली आहे.

नमुन्याला आखेन शहर घेतले आहे. तिथले तांत्रिक विद्यापीठ १८७० सालचे असून इंजिनिअरिंगची आपली मुले तिथे बरीच जातात. शिवाय बेल्जियम आणि नेदरलँड्सची हद्द शहराला लागूनच आहे, त्यामुळे सहलीचे सगळे प्रश्न तिथे पहिल्याच महिन्यात उभे राहतात. दुसऱ्या शहरात बसचे नंबर आणि कँटीनच्या वेळा बदलतील, बाकीचे बहुतांशी हेच राहील.

वेळापत्रक कसे वाचायचे

मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला आठवड्याचे साधारण १८ ते २० तास दिसतात. हा तास ४५ मिनिटांचा असतो, म्हणजे घड्याळाप्रमाणे १४-१५ तासच. पण सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. एकूण ७५० ते ९०० तास झाले. परीक्षेचे दिवस धरून हाताशी साधारण २२ आठवडे येतात. भागाकार केला की आठवड्याला ३४ ते ४१ तास निघतात. त्यातले १५ वर्गातले, उरलेले २० ते २५ तास विद्यार्थ्याने स्वतः बसायचे. हे तास वेळापत्रकात कुठेच छापलेले नसतात. म्हणून पहिल्याच रविवारी कागदावर रिकामे चौकोन रंगवून त्यात विषयांची नावे लिहायला आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तासांचे प्रकार समजून घ्या. 'फोरलेझुंग' म्हणजे मोठ्या सभागृहातले ९० मिनिटांचे व्याख्यान. हजेरी बहुधा नसते, मागे बसलात की कोणी विचारत नाही. व्याख्यान संपले की टाळ्या वाजत नाहीत, मुले बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून दचकू नका, ती दाद असते. 'यूबुंग' म्हणजे गणिते सोडवण्याचा तास, आणि 'टुटोरियुम' म्हणजे वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने घेतलेला छोट्या गटाचा तास. व्याख्यानाची पीडीएफ घरी मिळते म्हणून मुले व्याख्यान बुडवतात, ते एक वेळ चालेल. यूबुंग बुडवू नका. परीक्षेतले प्रश्न त्याच वळणाचे येतात, आणि अनेक विषयांत दर आठवड्याच्या प्रश्नपत्रिकेत ठरलेले, साधारण निम्मे, गुण पडल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. प्रयोगशाळेच्या 'प्राक्टिकुम'ला मात्र हजेरी सक्तीची असते. पहिल्या दिवशी सुरक्षिततेची माहिती देतात. तो एक दिवस चुकला तर बऱ्याच ठिकाणी सबंध प्रयोगशाळाच पुढच्या सेमिस्टरवर जाते.

वेळेची एक गंमत आहे. काही विद्यापीठांत १० ते १२ लिहिलेला तास १०:१५ ला सुरू होऊन ११:४५ ला संपतो. वेळेपुढे 'सी. टी.' ही अक्षरे असतील तर पंधरा मिनिटे मिळतात, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला हजर. आपल्याकडची एस. टी. आठवली की हे पक्के लक्षात राहते. परीक्षेला हा पाव तास कधीच नसतो.

सोमवार ते शुक्रवार

सोमवारी सकाळी साडेआठचे व्याख्यान असेल तर साडेसातला घर सोडा. हिवाळ्यात तेव्हा अजून पुरते उजाडलेले नसते. डिसेंबरअखेरीस सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. आपल्या मुलांना थंडीपेक्षा हा अंधार जास्त जाणवतो. त्यामुळे अभ्यासाचे तास खोलीत न ठेवता वाचनालयात ठेवा. तिथे पिशवी बहुधा आत नेऊ देत नाहीत. लॉकरला एक किंवा दोन युरोचे नाणे लागते, ते पाकिटात कायम असू द्या.

दुपारचे जेवण 'मेन्झा'मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. बाहेरच्या निम्म्या खर्चात पोट भरते, पैसे विद्यार्थी कार्डातून जातात. दुपारी अडीचच्या आसपास वाढणे बंद होते, म्हणून दोनच्या आत पोचा. फलकावरचे दोन शब्द पाठ करा: 'रिंड' म्हणजे गोमांस, 'श्वाइन' म्हणजे डुक्कर. शाकाहारी मुलांनी दुकानातल्या गोळ्या, चॉकलेट, पुडिंग यांवर 'गेलाटिने' हा शब्द शोधावा. ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात.

मंगळवार आणि गुरुवार यूबुंगचे. बुधवारची संध्याकाळ खेळासाठी राखून ठेवा. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पोहणे, बॅडमिंटन, गिर्यारोहण अगदी कमी शुल्कात असते. फक्त नोंदणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि बॅडमिंटनसारखे वर्ग काही मिनिटांत भरतात. तारीख आधी बघून लॉगिन करून बसा. पहिल्या थंडीत एकटे पडलेल्या मुलाला मित्र मिळतात ते बहुतेक अशाच ठिकाणी.

नोकरीचे तास याच पाच दिवसांत बसवायचे असतात. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा धरा. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पहिल्या सेमिस्टरला मात्र १० तासांच्या वर जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. वर काढलेला भागाकार पुन्हा बघा, २० तास कुठून काढणार?

शुक्रवारी दुपारनंतर विद्यापीठ ओस पडते. कार्यालयीन कामे शुक्रवारवर ढकलू नका, बरीच कार्यालये दुपारीच बंद होतात. राहत्या पत्त्याची नोंदणी, 'आन्मेल्डुंग', घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. घरमालकाचे सहीचे पत्र लागते आणि भेटीची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. ती वेळ पोचण्यापूर्वी कोल्हापुरातूनच घेतली तर उत्तम.

परीक्षेची नोंदणी

हा भाग पालकांनीही वाचावा. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला गेला, असे तिथे नसते. प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी ऑनलाइन स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. मुदत चुकली तर अभ्यास कितीही झालेला असो, पेपर देता येत नाही. सक्तीच्या विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झाल्यास तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि त्याच अभ्यासक्रमाला जर्मनीत दुसरीकडे प्रवेश मिळणे जवळपास बंद होते. राहण्याचा परवानाही त्याला बांधलेला असतो. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या, त्यात कमीपणा नाही. गुण उलटे असतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. मुलाने "दीड पडले" असे सांगितले तर रागावू नका, पेढे वाटा.

शनिवारची सहल: कोलोन

आखेनहून कोलोन साधारण ७० किलोमीटर, प्रादेशिक गाडीने तासाभराचे. आपल्याकडे मिरजेला जाऊन येण्याइतके सोपे, पण तिकिटाचे नियम नीट कळले तरच.

जर्मनीभर चालणारे मासिक तिकीट, 'डॉइचलान्डतिकिट', मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. ज्या विद्यापीठांनी करार केला आहे तिथे विद्यार्थ्यांना ते ६० टक्के किमतीत मिळते आणि रक्कम सेमिस्टर शुल्कातच जाते, वेगळे काढू नका. ते शहरातली बस, ट्राम, मेट्रो आणि 'आर. ई.', 'आर. बी.', 'एस' अशी अक्षरे असलेल्या गाड्यांत चालते. 'आय. सी. ई.' आणि 'आय. सी.' या जलद गाड्यांत चालत नाही. फलाटावर दोन्ही गाड्या पाच मिनिटांच्या फरकाने येतात आणि घाईत मुले चुकीच्या गाडीत चढतात. विनातिकीट दंड ६० युरो.

तिकीट फोनमध्ये असते. फोनची बॅटरी संपली की तपासनीसाच्या लेखी तिकीट नाही. अशा वेळी वाद घालू नका, त्याने दिलेला कागद घ्या. तिकीट तुमच्या नावाचे होते हे आठवड्याच्या आत दाखवले की दंड साधारण ७ युरोवर येतो. पॉवर बँक आणि फोटो असलेले ओळखपत्र ही सहलीची पहिली शिदोरी.

काही गाड्या वाटेत दुभागतात: पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. फलाटावरच्या फलकावर गावाच्या नावापुढे ए, बी, सी अशी अक्षरे असतात, त्या खुणेखालीच उभे राहा. शनिवार-रविवारी रुळांची कामे काढतात, तेव्हा मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस असते आणि ती स्टेशनबाहेरून सुटते. निघण्याच्या आदल्या रात्री रेल्वेच्या अॅपमध्ये एकदा बघितले की पुरे.

कोलोनचे कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे. बांधकाम १२४८ ला सुरू होऊन १८८० ला पुरे झाले, उंची १५७ मीटर. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्याला हे जड नाही, पण जिना गोल आणि अरुंद आहे, वरून उतरणारे समोर येतात. पाठीवरची मोठी पिशवी नको. वस्तुसंग्रहालये बघायची असतील तर सोमवार टाळा, बरीच बंद असतात.

रविवार

रविवारी दुकाने बंद. किराणा, भाजी, कपडे, सगळे. उघडे असतात ते मोठ्या स्टेशनातली दुकाने आणि काही तास बेकऱ्या. कोल्हापूरकराचा रविवार मटणाचा, म्हणून हे ठळक सांगतो: खरेदी शनिवारीच. तुर्की दुकानात हाडासकट मटण कापून मिळते, पांढऱ्या रश्श्याला नारळाच्या दुधाचे डबे आशियाई दुकानात. कांदा-लसूण मसाला इथून बंद पाकिटातून न्या. तूप, पेढे, खवा, सुके मटण मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

फोडणी हा वसतिगृहातला खरा धोका. छतावर धुराची घंटा असते आणि काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते. तेल धुरावले, त्यात लाल मिरची पडली की घंटा वाजते, इमारत रिकामी होते आणि बिल तुमच्या नावावर येऊ शकते. तेल मध्यम आचेवर ठेवा, मोहरी तडतडली की पातेले चुलीवरून उतरवून मग तिखट घाला, खिडकी आधी उघडा. स्वयंपाकघराचे दार मात्र बंद ठेवा, कारण बाहेरच्या बोळातली घंटा जास्त संवेदनशील असते. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी दिवसभर. त्या दिवशी काचेच्या बाटल्या बाहेरच्या डब्यात टाकणेही चालत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या टाकूच नका, दुकानातल्या यंत्रात घातल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

दुपारी मोकळे असाल तर तीन देशांच्या हद्दीचा टेकडीमाथा बघून या. उंची जेमतेम ३२२ मीटर, तरी नेदरलँड्सच्या युरोपातल्या मुख्य भूमीवरचे ते सर्वांत उंच ठिकाण. दगडाभोवती चार पावले टाकली की जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स तिन्ही देश होतात. पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना मूळ प्रतीत जवळ हवा, फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीच्या परवान्यावर इतर शेंगेन देशांत (एकाच व्हिसा-व्यवस्थेतल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. हद्द ओलांडली की जर्मन तिकीट कुठपर्यंत चालते तेही बघून घ्या. आखेनमध्ये पाऊस बारमाही, छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

घरी फोन

भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. कोल्हापुरात रात्रीचे नऊ म्हणजे तिथे हिवाळ्यात दुपारचे साडेचार, बहुधा यूबुंगची वेळ. आई-वडिलांनी रोज रात्री फोन करण्यापेक्षा रविवारचा एक निवांत तास ठरवून घ्यावा. मुलाने दोन दिवस उचलला नाही तर काळजी वाटणारच, म्हणून एका खोलीमित्राचा नंबर घरी असू द्या. मुलाच्या फोनमध्ये तीन नंबर हवेत: ११२ रुग्णवाहिका व अग्निशमन, ११० पोलीस, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी ११६११७.

आमच्याकडे आठवड्याची मांडणी करून घ्यायला येताना प्रवेशपत्र, विद्यापीठाची विषयपुस्तिका, म्हणजे 'मोडूलहांडबुख'ची प्रत, आणि राहण्याच्या जागेचा पत्ता आणावा. विषयपुस्तिकेत प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि परीक्षेच्या अटी असतात, त्या पेन्सिलीने आधी अधोरेखित करून आणल्या तर एका बैठकीत काम होते.