सॉडरलिंग 'प्रशासनात गेला' म्हणजे नेमका कुठे गेला?

स्वीडनचा टेनिसपटू रॉबिन सॉडरलिंग म्हटलं की २००९ ची फ्रेंच ओपन आठवते, नदालचा त्या स्पर्धेतला पहिलावहिला पराभव. २००१ मध्ये त्याने ज्युनिअर्सची ऑरेंज बाउल स्पर्धा जिंकली होती, हेही टेनिसवेड्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पुढे. तो स्टॉकहोम ओपन या स्वीडनमधल्या स्पर्धेचा संचालक झाला आणि नंतर डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेत, स्वीडनच्या संघाचा कर्णधार. ही दोन्ही कामं 'निवृत्तीनंतर तो प्रशासनात गेला' अशा ओळीत एकाच गाठोड्यात बांधलेली वाचली की माझं डोकं उठतं.

संचालकाला स्पर्धेचे आयोजक नेमतात, कर्णधाराला देशाची टेनिस संघटना. हा फरक किरकोळ आहे.

खरा फरक असा, की संचालकाच्या हातात सामना नसतोच. त्याचं निम्मं काम स्पर्धेच्या आधीच होतं: प्रायोजक गाठायचे, मोठ्या खेळाडूंच्या एजंटांशी मानधनाची बोलणी करायची, मुख्य फेरीतली तीन वाइल्ड कार्डं, म्हणजे क्रमवारी न बघता मिळणारे थेट प्रवेश, कुणाला द्यायची ते ठरवायचं. एकदा सर्व्हिस पडली की सामना चालवायचा चेअर अंपायरने, म्हणजे उंच खुर्चीवरच्या पंचाने, आणि नियमांबाबत शेवटचा शब्द त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा, सुपरवायझरचा. तरी 'संचालक झोपला होता का?' असं लोक बिनदिक्कत लिहितात!

डेव्हिस कपचा कर्णधार थेट कोर्टवर, खेळाडूच्या शेजारी बसतो. क्रिकेटच्या सवयीने आपण समजतो की तो खेळतो. सहसा तो खेळत नाही. पण संघ तो निवडतो आणि बाजू बदलताना खेळाडूच्या कानाशी तोच असतो. १९८४ ची गोटेन्बर्गची स्वीडन-अमेरिका अंतिम लढत घ्या. दुहेरीत समोर अमेरिकेचे मॅकेन्रो आणि फ्लेमिंग, डेव्हिस कपमध्ये तोवर अपराजित जोडी. स्वीडनचे कर्णधार हान्स ओल्सन यांनी यारिडच्या जोडीला अठरा वर्षांचा एडबर्ग उतरवला. दोघांनी सामना जिंकला आणि करंडक तिथेच स्वीडनचा झाला. असा जुगार संचालकाच्या वाट्याला कधीच येत नाही.

म्हणून माझ्या मते प्रशासन म्हणावं ते फक्त पहिल्या कामाला. कर्णधारपद हे खेळातलंच काम आहे.

आणि 'निवृत्तीनंतर संचालक झाला' हेही चूक. ग्रंथिज्वरामुळे, म्हणजे मोनोमुळे, जुलै २०११ मध्ये स्वीडनमधल्याच बोस्टाडच्या स्पर्धेचं विजेतेपद मिळवल्यावर सॉडरलिंग पुन्हा खेळू शकला नाही. पण निवृत्ती जाहीर केली डिसेंबर २०१५ मध्ये. ज्या स्टॉकहोममध्ये २००३ आणि २००८ चे अंतिम सामने तो हरला होता, तिथला संचालक तो २०१४ मध्येच झाला होता.