तुमचं मोफत एक्स्टेन्शन आमच्यावर नजर ठेवतं का?

आम्ही शब्दकोश बनवतो, आणि शब्दाचा अर्थ दाखवणारं आमचं एक मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे. पण गेल्या काही महिन्यांत ग्राहकांनी आम्हाला सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न शब्दांबद्दलचा नाहीच. "एका शब्दाचा अर्थ दाखवायला तुम्हाला सगळ्या वेबसाइटवरचा माझा डेटा कशाला हवा? आणि फुकट देता, ते कशाच्या बदल्यात?" प्रश्न रास्त आहे. 'फुकट ते पौष्टिक' हे निदान ब्राउझरच्या बाबतीत तरी खरं नाही.

आधी आमच्याबद्दल. आमचा मोठा शब्दकोश आम्ही वार्षिक वर्गणीवर विकतो आणि मोफत एक्स्टेन्शन ही त्याची जाहिरात आहे. ते वापरणाऱ्यांपैकी थोडे जण वर्गणीदार होतात, हाच आमचा मोबदला. तुम्ही निवडलेला शब्द आमच्या सर्व्हरकडे जातो आणि अर्थ परत येतो. तुम्ही कोणतं पान वाचत होता हे त्यासोबत जात नाही. आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) मात्र कुठल्याही वेबसाइटला दिसतो तसा आम्हालाही दिसतो. त्या नोंदी आम्ही सात दिवसांनी पुसतो.

आता एक्स्टेन्शन टाकताना ब्राउझर जी परवानगी विचारतो तिच्याबद्दल. "सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे" हे वाक्य वाचून दचकायलाच हवं, कारण त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. ही परवानगी असलेलं एक्स्टेन्शन पानावरचा मजकूर वाचू शकतं, तुम्ही टाइप करत असलेला पासवर्डही पाहू शकतं. पाहतंच असं नाही, पण पाहू शकतं. आमच्या जुन्या आवृत्तीत शब्दावर दोनदा क्लिक केलं की अर्थ उमटायचा. त्यासाठी एक्स्टेन्शनला प्रत्येक पानावर आधीपासून ठाण मांडून बसावं लागायचं. म्हणून ती सोय आम्ही काढून टाकली. आता शब्द निवडायचा, राइट-क्लिक करायचं आणि यादीतून 'अर्थ' निवडायचा. एक क्लिक वाढला, बऱ्याच जणांनी नाराजीही कळवली. पण आता तुम्ही बोलावल्याशिवाय एक्स्टेन्शन पानाकडे फिरकत नाही.

एवढी काळजी का? 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकाची मेमरी वाचवायचं. वापरणारे २० लाखांहून जास्त, नाव चांगलं, कोडही सर्वांना पाहायला खुला. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हवाली केलं. नव्या मालकाच्या हातात आयतेच लाखो ब्राउझर आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, ठरवून बंद केलं. वापरणाऱ्यांनी यात काहीच चूक केली नव्हती. एखाद्या अपडेटने नवी परवानगी मागितली, तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून तुम्हाला विचारतो. पण सगळ्या साइटची मुभा आधीच दिलेली असेल, तर विचारायला उरतंच काय? अपडेट गुपचूप येतं. म्हणजे आज दिलेली परवानगी उद्याच्या मालकालाही लागू होते, आणि तो मालक कोण असेल हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

"पासवर्ड नाही, नुसते उघडलेल्या पानांचे पत्ते गोळा होत असतील, तर काय बिघडलं?" असंही काही जण विचारतात. जुलै २०१९ मध्ये सॅम जडाली या सुरक्षा-संशोधकाने ८ एक्स्टेन्शन्सचा छडा लावला. ती सुमारे ४० लाख लोक वापरत होते, आणि त्यांनी उघडलेल्या पानांचे पत्ते विक्रीला ठेवले जात होते. अनेक फाइल्स फक्त लिंकच्या भरवशावर 'गुप्त' असतात. लिंक हाती लागली की फाइलही उघडते; कर-विवरणपत्रं आणि बिलं अशीच उघडी पडली. त्यातली काही एक्स्टेन्शन्स तर इन्स्टॉल केल्यावर काही आठवडे साळसूदपणे गप्प होती. त्यामुळे "दोन दिवस वापरून पाहिलं, काही वावगं दिसलं नाही" याला फारसा अर्थ नाही.

अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये ज्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, ती अव्हास्ट, म्हणजे अँटिव्हायरस बनवणारीच कंपनी होती.

तरीही साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनला सहसा सगळी पानं पाहावी लागतात, त्याशिवाय ते काम कसं करणार? परवानगी कामाच्या मानाने आहे का, एवढं पाहा. कॅल्क्युलेटरने तेच मागितलं तर नाही म्हणा.

क्रोममध्ये वर उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं. त्यातून एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या तपशिलात जाऊन त्याला कोणत्या साइट खुल्या आहेत ते पाहा. बऱ्याच एक्स्टेन्शन्सचं काम 'क्लिक केल्यावर' एवढ्या मुभेवर भागतं. जे कधी आणि कशासाठी टाकलं तेच आठवत नाही, ते काढून टाका. नुसतं बंद करून ठेवू नका. फायरफॉक्समध्ये (तिथे एक्स्टेन्शन्सना अ‍ॅड-ऑन्स म्हणतात) काही अ‍ॅड-ऑन्सवर 'शिफारस केलेले' अशी खूण दिसते. त्यांची तपासणी फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतः करते, म्हणून पर्याय असेल तेव्हा ते निवडा. बँकेचं काम इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत करा, कारण तिथे तुम्ही मुद्दाम मुभा दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाही.

सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे सिंक, म्हणजे एकाच खात्याने उघडलेले ब्राउझर सारखे ठेवण्याची सोय. घरच्या आणि ऑफिसच्या संगणकावर ब्राउझरमध्ये तुमचं एकच खातं असेल आणि सिंक चालू असेल, तर घरी मुलांनी टाकलेलं एक्स्टेन्शन ऑफिसच्या संगणकावरही आपोआप पोहोचतं. तेव्हा यादी दोन्हीकडे तपासा.

आम्ही हे एक्स्टेन्शन कधी दुसऱ्या कोणाला विकलं, तर व्यवहाराच्या किमान तीस दिवस आधी ते एक्स्टेन्शनमध्येच ठळकपणे कळवू, म्हणजे ठेवायचं की काढायचं हे तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या यादीतल्या एखाद्या नावाबद्दल शंका असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. ते एक्स्टेन्शन आमचं नसलं तरी पाहून सांगू, आणि त्याचे पैसे घेणार नाही. फक्त स्क्रीनशॉटच पाठवा, सोबत पासवर्ड नको. मागच्या वेळी तिघांनी पाठवला होता.