सैंधवाचा खडा घरी नेताना

एकाच पोत्यातला एक खडा पांढरा, दुसरा गुलाबी, तिसऱ्यात करडी रेघ असं का? आणि पाण्यात टाकल्यावर तळाशी गाळ का राहतो? सैंधव (कुणी शेंदेलोण म्हणतात) नेणारे हे दोन प्रश्न हमखास विचारतात. उत्तर एकच: तुम्ही नेता तो खडक आहे.

खनिज हा ठरावीक घडणीचा, ठरावीक स्फटिकरचनेचा एकच पदार्थ असतो. मिठाचं खनिज म्हणजे हॅलाइट, अर्थात सोडियम क्लोराइड. ते शुद्ध असलं की काचेसारखं रंगहीन दिसतं. खडकात मात्र खनिजांची सरमिसळ असते. सैंधवात मुख्य हॅलाइट, सोबत थोडं जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइट (दोन्ही कॅल्शियम सल्फेटची खनिजं), चिकणमाती आणि लोहाचं ऑक्साइड. तांबूस छटा लोहाची, करडी बहुधा मातीची. गडद खडा जास्त गुणकारी, असं काही नाही. त्यात मिठाशिवायचा ऐवज जास्त, इतकंच.

हे थर आटलेल्या समुद्राचे आहेत. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम खाली बसतं, दहाव्या हिश्श्यावर मीठ, आणि पोटॅश-मॅग्नेशियमचे कडू क्षार अगदी शेवटी. उरण-पेणच्या मिठागरांत दर उन्हाळ्यात हेच घडतं. पाकिस्तानातल्या खेवड्याचे थर 50 कोटी वर्षांहून जुने आहेत. भारतात खाणीतलं मीठ निघतं ते हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात, द्रंग आणि गुमा इथे. आपला दख्खन बराचसा थिजलेल्या लाव्हाचा. ‘सह्याद्रीतलं सैंधव’ कुणी देऊ केलं तर पुढे चला. मे 2025 पासून पाकिस्तानी माल थेट किंवा तिसऱ्या देशातून आणायला भारतात बंदी आहे, तेव्हा पिशवीवरचा मूळ देश वाचूनच घ्या.

घरची परीक्षा

खड्यावर हलका घाव घाला. हॅलाइट तीन काटकोनी दिशांना फुटतं, त्यामुळे कपच्यांच्या कडा चौकोनी येतात. कॅल्साइटच्या (चुनखडीतल्या खनिजाच्या) कपच्या तिरक्या येतात, आणि त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. मग सैंधवाची 10 ग्रॅम भुकटी 100 मिली पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. तळाशी चिमटीभर तांबूस गाळ राहिला तर हरकत नाही. वरचं पाणी निवळूनही गुलाबीच दिसलं तर रंग लावलेला आहे, कारण लोहाचं ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर ते पादेलोण. ते भट्टीत तयार करतात, त्याची गल्लत करू नका.

धुणं, फोडणं, ठेवणं

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो नळाखाली धुतल्यानं. 100 मिली पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं. खडा धुतला की कडा गोल होतात आणि पृष्ठभाग चिकट राहतो. त्याऐवजी 100 मिली पाण्यात 40 ग्रॅम साधं मीठ घाला. तळाशी थोडं न विरघळता उरलं की ते पाणी तृप्त झालं. त्यात खडा बुडवला तरी झिजत नाही. पाच सेकंद बुडवा, ब्रशनं माती काढा, फडक्यानं टिपा, उन्हात वाळवा. शाळेसाठी नमुना नेणाऱ्यांनीही हेच करावं.

जाड फडक्यात गुंडाळून दगडी खलात फोडा. लोखंडी खल गंजतो. वाटाण्याएवढे तुकडे झाल्यावरच मिक्सरमध्ये घाला, एका वेळी 100 ग्रॅम, दहा-दहा सेकंद थांबून. अख्खा खडा घातला तर पातं बोथट होतं.

हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध हॅलाइटसुद्धा पाणी ओढतं. मॅग्नेशियमचे क्षार असतील तर त्याआधीच. कोकणात जून ते सप्टेंबर खडा ओला दिसतो तो यामुळेच, माल खराब झालेला नसतो. काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, चमचा लाकडी वापरा.

सैंधवाचा दिवा पावसात ‘रडतो’ तोही याच कारणानं. खाली काचेची ताटली ठेवा. 15 वॅटचा साधा बल्ब दिव्याला कोमट ठेवतो, एलईडी ठेवत नाही. विझलेला दिवा पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आणि होल्डरवर ओल दिसली तर प्लग काढल्याशिवाय हात लावू नका. दिव्यानं हवा शुद्ध होते, असं आम्ही सांगत नाही.

खाण्याबद्दल दोन गोष्टी. नैसर्गिक सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ ठेवा. सैंधव उपवासाला, ताकाला. आणि यातही सोडियम जवळपास साध्या मिठाइतकंच असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी दोन्ही मिठं मिळून दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच राहावं. भरड सैंधव चमच्यात कमी मावतं म्हणून अळणी लागतं आणि मग हात सैल सुटतो. त्यामुळे भरड असेल तेव्हा चमच्यानं न घेता वजन करून घ्या.