एका गल्लीतून निघालेल्या बोटी: फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम आणि सिगारेट कुठे कुठे घडल्या

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात डेकेटर नावाचं एक छोटं गाव आहे. आजूबाजूला मका आणि सोयाबीनची शेतं, गावाजवळून वाहणारी सेंट मेरीज ही लहानशी नदी, आणि महासागर कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. तरीही 1976 नंतर ‘फॉर्म्युला’ या नावाच्या वेगवान बोटी याच गावात तयार होऊ लागल्या. या बोटींचा जन्म मात्र इथला नाही. खवळलेल्या अटलांटिकमध्ये मायामीहून बहामापर्यंत शर्यती करणाऱ्या माणसांनी त्या फ्लोरिडात घडवल्या होत्या. त्या शेतांमध्ये कशा पोहोचल्या, हे समजून घ्यायचं तर आधी मायामीच्या उत्तरेकडच्या एका गल्लीत जावं लागतं. फॉर्म्युलाप्रमाणेच डोन्झी, मॅग्नम आणि सिगारेट ही नावंही तिथूनच निघाली.

गल्लीचा पत्ता होता ईशान्य 188 वा रस्ता. मायामी भागात रस्त्यांना क्रमांक असतात आणि दिशेवरून त्यांची ओळख सांगतात, म्हणून हे नाव असं रुक्ष. बोटवाल्यांनी त्याला आपापली नावं ठेवली, त्यातलं सगळ्यात टिकलेलं म्हणजे ‘थंडरबोट रो’. आज हा भाग अ‍ॅव्हेंचुरा शहरात मोडतो. पण ते शहरच 1995 मध्ये स्थापन झालं. 1960 च्या दशकात तिथे दलदलीची जमीन होती, वस्ती विरळ होती आणि गल्ली पुढे जाऊन थेट पाण्याला भिडत होती. शेडच्या मागे कालवा, तिथून खाडी आणि मग हॉलोव्हरच्या मुखातून उघडा समुद्र. हॉलोव्हरला ओहोटीचं पाणी आणि बाहेरून येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळतात आणि लहान बोटींची कठीण परीक्षा होते. सकाळी शेडमधून बाहेर काढलेली बोट थोड्याच वेळात त्या लाटांत आपटून पाहता यायची. रात्री उशिरापर्यंत इंजिनं गर्जत राहिली तरी तक्रार करायला शेजारी फारसे नव्हते. वेगवान बोट बांधणाऱ्याला याहून चांगली जागा शोधूनही सापडली नसती.

ही जागा हेरणारा माणूस डॉन अ‍ॅरोनाउ. 1927 मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, न्यू जर्सीत घरं बांधून तरुणपणीच श्रीमंत झालेला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो मायामीला आला आणि बोटींच्या शर्यतींच्या नादाला लागला. 1962 मध्ये त्याने ‘क्लॉडिया’ नावाची लाकडी बोट घेऊन मायामी–नासाऊ शर्यतीत भाग घेतला आणि चौथा आला. चौथ्या क्रमांकावर समाधान मानणारा तो नव्हता. त्याच सुमाराला त्याने ‘फॉर्म्युला’ ही कंपनी काढली.

इथे थोडं मागे जाऊन तळाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या तळाशिवाय हे कारखाने उभेच राहिले नसते. त्यापूर्वीच्या वेगवान बोटींचे तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असत. शांत पाण्यात त्या उत्तम पळत, पण लाटा आल्या की आपटून बोटीचे आणि आतल्या माणसांच्या पाठीचे हाल होत. रे हंट या आरेखकाने तळाचा व्ही आकार पुढून मागपर्यंत खोल ठेवला, साधारण 24 अंशांचा. असा तळ लाटेला चिरत जातो. 1960 च्या मायामी–नासाऊ शर्यतीत डिक बर्ट्रमची ‘मॉपी’ ही याच तळाची लाकडी बोट पहिली आली. दुसरी आली जिम विनची बोट, तीही हंटच्याच आरेखनाची. बर्ट्रमने लगेच ‘मॉपी’वरून साचा काढला आणि त्यातून फायबरग्लासच्या बोटी विकायला सुरुवात केली. जिम विन आणि त्याचा जोडीदार वॉल्ट वॉल्टर्स यांनी पुढे अ‍ॅरोनाउसाठी आरेखन केलं. फॉर्म्युलाची 23 फुटी बोट त्यांचीच.

लाकडी बोट एकेक करून बांधावी लागते. कारागीर फळी वाकवतो, तासतो, बसवतो, आणि त्याच्या हातातलं कसब त्याच्याबरोबर त्याच्या गावातच राहतं. फायबरग्लासचं तसं नाही. आधी बोटीच्या आकाराची एक हुबेहूब प्रतिकृती करतात, घासून आरशासारखी गुळगुळीत करतात आणि तिच्यावरून उलटा साचा काढतात. मग त्या साच्यात आतल्या बाजूने रंगीत जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा चकचकीत थर, फवारतात, त्यावर काचतंतूंची कापडं अंथरून रेझिनने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेसारख्या द्रवाने, भिजवतात, मजबुतीसाठी लांब आधारपट्ट्या बसवतात आणि सगळं सुकलं की तळ साच्यातून उचलून काढतात. डेकचा साचा वेगळा असतो. दोन्ही भाग जोडले, इंजिन आणि वायरिंग बसवलं की बोट तयार. इंजिनं बहुतेक वेळा बाहेरूनच यायची. बोटकंपनीची खरी मालमत्ता म्हणजे हे साचे. ते ट्रकवर चढतात. आणि जिथे साचे जातात तिथे बोट जाते, मग त्या ठिकाणी समुद्र असो वा नसो.

अ‍ॅरोनाउला हे फार लवकर कळलं होतं. कंपनी काढायची, त्या बोटीने शर्यती जिंकायच्या, नाव झालं की कंपनी विकायची आणि त्याच गल्लीत चार पावलांवर पुढची कंपनी उघडायची, असा त्याचा खाक्या. फॉर्म्युला विकून 1964 मध्ये त्याने ‘डोन्झी’ काढली. ती वर्षभरात टेलिफ्लेक्सला विकली. टेलिफ्लेक्स ही स्टिअरिंग आणि थ्रॉटलच्या केबल्स बनवणारी कंपनी. 1966 मध्ये ‘मॅग्नम’ आली, आणि तिच्या बोटीवर 1967 मध्ये तो जगज्जेता झाला. मॅग्नमही विकली. या वेळी मात्र विक्रीच्या करारात अट होती की काही काळ त्याने स्वतःच्या नावाने बोटी बांधायच्या नाहीत. त्याने मित्र एल्टन कॅरीच्या नावाने ‘कॅरी’ बोटी बांधल्या. त्यातल्याच 32 फुटी बोटीला त्याने ‘द सिगारेट’ हे नाव दिलं. दारूबंदीच्या काळात ब्रुकलिनच्या पाण्यात गाजलेल्या एका तस्करी बोटीचं हे नाव होतं. 1969 मध्ये तो या बोटीवर पुन्हा जगज्जेता झाला. अटीची मुदत संपल्यावर बोटीचंच नाव कंपनीला मिळालं: सिगारेट रेसिंग टीम.

एवढ्या कंपन्या विकूनही गल्लीवरचा त्याचा ताबा सुटला नाही. तिथली बरीचशी जमीन त्याची होती. विकत घेणारे त्याच शेडमध्ये काम करत राहिले, त्यांच्याकडे शिकलेले कामगार शेजारी स्वतःचा व्यवसाय मांडत राहिले. रेझिन पुरवणारा, गाद्या शिवणारा, प्रोपेलर घासून देणारा, इंजिनाची ताकद वाढवून देणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. 1970 च्या दशकात जगातल्या सर्वात वेगवान समुद्री बोटींपैकी कितीतरी याच एका गल्लीतून पाण्यात उतरत होत्या. मला या इतिहासातला हा काळ सगळ्यात मोलाचा वाटतो. नावं वेगवेगळी, मालक वेगवेगळे, पण हात आणि ज्ञान सगळं एकाच जागी, एकमेकांकडे बघत, चढाओढ करत वाढलेलं.

मग पांगापांग सुरू झाली, आणि पहिली लांब गेली ती फॉर्म्युला. 1976 मध्ये व्हिक पोर्टर यांनी थंडरबर्ड ही कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर फॉर्म्युलाही आली, आणि साचे डेकेटरला पोहोचले. पोर्टर तिथलेच बोटवाले, 1950 च्या दशकापासून याच धंद्यात. समुद्र दूर असला तरी गिऱ्हाईक दूर नव्हतं. मिशिगन आणि ईरी ही मोठी सरोवरं जवळ होती, आणि मध्य अमेरिकेतल्या धरणांच्या जलाशयांवर बोटी बाळगणारी हजारो कुटुंबं होती. या कुटुंबांनाही खोल व्ही तळ हवा होता, फक्त त्याबरोबर झोपायला जागा आणि छोटं स्वयंपाकघरही हवं होतं. शर्यतीतून जन्मलेली फॉर्म्युला डेकेटरमध्ये हळूहळू कुटुंबाची बोट झाली.

हे शक्य झालं त्यामागे रस्त्याचाही वाटा आहे. अमेरिकेत साडेआठ फुटांपर्यंत रुंद बोट ट्रेलरवर घालून विशेष परवानगीशिवाय नेता येते. शर्यतीच्या तळातून आलेल्या या बोटी मुळात लांब आणि अरुंद. सिगारेटची 38 फुटी ‘टॉप गन’ रुंदीला जेमतेम आठ फूट. लाटा चिरायला केलेला अरुंदपणा महामार्गावरही कामी आला, आणि कारखाना पाण्याच्या काठीच हवा ही गरज संपली.

डोन्झीचा प्रवास जास्त वळणांचा. मालक बदलत राहिले आणि 1980 च्या दशकात काम मायामी सोडून फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅरासोटाजवळच्या टॅलेव्हास्टला गेलं. डोन्झीच्या छोट्या 16 आणि 18 फुटी बोटी या कंपनीची ओळख होत्या आणि त्या तिथेही बनत राहिल्या. नंतर तिसरा मुक्काम आला, उत्तर कॅरोलायनातलं वॉशिंग्टन. पॅम्लिको नदीकाठचं हे गाव रेगी फाउंटन यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या ‘फाउंटन’ बोटींसाठी प्रसिद्ध आहे. ओहायोतल्या ब्युसायरसमध्ये जन्मलेली ‘बाहा’ देखील इथेच आली. बाहा आधी ब्रन्सविक या मोठ्या समूहाकडे होती. 2008 च्या मंदीत बोटींचा बाजार कोसळला, ब्रन्सविकने ती फाउंटनला विकली आणि साचे ओहायोहून कॅरोलायनाला आले. पुढच्याच वर्षी खुद्द फाउंटनला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. एकेकाळी शर्यतीत एकमेकींच्या उरावर बसणारी तीन नावं अखेर एका छपराखाली आली. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण ब्युसायरसमध्ये वर्षानुवर्षं काचकापडं अंथरणाऱ्या कामगारांना ट्रकवर चढवून नेता येत नाही. साच्याबरोबर नाव जातं, गाव मागे राहतं, आणि या स्थलांतरांची सगळ्यात मोठी किंमत त्या गावाने मोजलेली असते.

साचा इतका मोलाचा म्हटल्यावर चोरीही आलीच. दुसऱ्याची बोट विकत घ्यायची, तिच्यावरूनच साचा काढायचा आणि त्याच आकाराच्या बोटी स्वस्तात विकायच्या, हा प्रकार या धंद्यात सर्रास चाले. फ्लोरिडाने 1983 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. फ्लोरिडाच्या बोनिटो बोट्सने टेनेसीच्या थंडर क्राफ्टवर दावा लावला, पण 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. पेटंटबद्दलचे नियम देशाचे आहेत, राज्याला तसं संरक्षण परस्पर देता येणार नाही, असा तो निकाल. 1998 मध्ये अमेरिकन संसदेने तळाच्या आरेखनाला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला.

मॅग्नम मात्र गल्लीतच राहिली. 1976 मध्ये इटलीच्या फिलिपो थिओडोली यांनी ती घेतली, आणि 1990 मध्ये त्यांचं निधन झाल्यावर पत्नी कॅट्रिन यांनी दीर्घकाळ चालवली. मोठ्या, महागड्या, थोड्या संख्येने बांधल्या जाणाऱ्या बोटी हाच तिचा मार्ग होता.

आणि सिगारेट? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅरोनाउने तीही विकली आणि शेजारी ‘यूएसए रेसिंग टीम’ काढली. तेव्हा फ्लोरिडात अमली पदार्थांचे तस्कर वेगवान बोटी वापरत, आणि त्यांना पकडायला सीमाशुल्क खात्याला त्याहून वेगवान बोटी हव्या होत्या. अ‍ॅरोनाउने त्यांच्यासाठी 39 फुटी जोडतळाची ‘ब्लू थंडर’ बांधली. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याकडे त्याची ‘फिडेलिटी’ ही 28 फुटी सिगारेट होतीच. यूएसए रेसिंग टीम त्याने गल्लीतल्याच बेन क्रेमरला विकली, पण क्रेमर तस्करीत शिक्षा झालेला. सरकार त्याच्याकडून बोटी कशा घेणार? व्यवहार उलटवावा लागला. 3 फेब्रुवारी 1987 रोजी याच 188 व्या रस्त्यावर, गाडीत बसलेल्या अ‍ॅरोनाउवर गोळ्या झाडून त्याची हत्या झाली. अनेक वर्षांनी, 1996 मध्ये, क्रेमरने मनुष्यवधाच्या आरोपाला आव्हान दिलं नाही आणि त्याला शिक्षा झाली.

त्यानंतर गल्लीचे दिवस भरत आले. जमिनीचे भाव इतके चढले की बोटीच्या शेडपेक्षा उंच इमारती उभ्या करणं फायद्याचं झालं. रेझिनचा वास आणि इंजिनांचा आवाज नव्या रहिवाशांना कसा चालणार? 2002 मध्ये स्किप ब्रेव्हर यांनी सिगारेट विकत घेतली आणि पुढे कारखाना ओपा-लॉकाला नेला. हे शहर विमानांचे प्रवर्तक ग्लेन कर्टिस यांनी 1926 मध्ये वसवलं, आणि तिथल्या जुन्या इमारतींवर आजही घुमट आणि मिनार दिसतात. तिथे विमानतळ आहे, मोठ्या औद्योगिक जागा आहेत, समुद्रकिनारा नाही. तयार बोट ट्रेलरवर घालूनच पाण्यापर्यंत न्यावी लागते. तरीही मायामीच सुटलं नाही, याचं महत्त्व मोठं आहे: शिकलेले कामगार रोज घरून कामावर येऊ शकले आणि कसब टिकलं.

जुनी बोट घेणाऱ्यांना यातून एक गोष्ट उपयोगी पडेल. नोव्हेंबर 1972 पासून अमेरिकेत प्रत्येक बोटीच्या तळाला, मागच्या आडव्या फळीवर उजवीकडे, 12 अक्षर-अंकांचा क्रमांक कोरणं सक्तीचं झालं. पहिली तीन अक्षरं निर्मात्याची, शेवटचे अंक वर्षाचे. गाव त्यात थेट लिहिलेलं नसतं, पण निर्माता आणि वर्ष कळलं की त्या काळी साचे कुठे होते ते जुळवता येतं. त्याआधीच्या बोटींसाठी मात्र विक्रीचे जुने कागद, इंजिनाचा क्रमांक आणि डॅशबोर्डवरची पितळी पट्टी यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि पट्टी नंतर बसवलेली असू शकते. म्हणून जाणकार आधी तळ पाहतात, मग पट्टी.